लेकीच्या घरची भाकर

"लुथरन म्हणजे नक्की कोण गं?" हा प्रश्न मी रूथला पहिल्यांदा विचारला तेव्हा आम्ही दोघी नर्सिंगच्या होस्टेलात एका खोलीत राहत होतो आणि ती माझ्या वाटणीचं लोणचं खात होती. "ये एकदा आमच्याकडे ईस्टरला. सांगून कळत नाही," ती बोटं चाटत म्हणाली. मग नोकऱ्या झाल्या, लग्नं झाली, पोरं मोठी झाली, निवृत्तीचे हारतुरेही झाले, आणि यंदा कुठे मी सांगलीहून निघाले. सोबत एक पिशवीभर बेदाणे. आमच्या भागातून दुसरं काय न्यायचं?

रूथचे यजमान दिवाकरराव चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री. त्यांचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या अलीकडे. बल्लारशाला रेल्वेतून उतरून एसटी धरली. आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि दोन्ही बाजूंनी जंगल जवळ आलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये सगळं करपलेलं असतं. इथं मात्र झाडांना तांबूस कोवळी पालवी, आणि खिडकीतून मोहफुलांचा गोडसर, जरा झिंगवणारा वास. मी तो छाती भरून घेत होते तेवढ्यात गाडीला दणका बसला आणि बेदाण्यांची पिशवी फाटली. साऱ्या बसभर बेदाणे! मुलचेऱ्याकडच्या दोन बंगाली बायका, एक मास्तर आणि खुद्द कंडक्टर वाकून वेचायला लागले. वेचता वेचता प्रत्येकानं चार तोंडात टाकले, आणि ते रास्तच होतं. "मॅडम, तिकीट नाई काढलं यांचं," कंडक्टर म्हणाला.

पोचले त्या संध्याकाळी

पाळकांचं घर चर्चच्या मागेच. कौलारू, पुढे पडवी, दारात आंबा. रूथची सून सरला धावत आली आणि माझी बॅग हिसकावून घेऊन गेली. तिशी ओलांडलेली, हसरी, गावच्या अंगणवाडीत शिकवते. नवरा नोकरीपायी गडचिरोलीला असतो, सुट्टीला येतो.

चहा होतोय तोवर एक बाई पडवीत येऊन बसल्या. सत्तरीच्या, काटक, नाकात चमकी, हातात स्टीलचा डबा. डब्यात गरम वडे होते. ते त्यांनी मला खायला लावले, माझं गाव, माझे गुडघे, माझी पेन्शन, सगळी चौकशी केली. सरलानं त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्यांनी तो अलगद बाजूला सारला. पाणी पुढे केलं, तेही नको. "आहे जी माह्यापाशी," म्हणत पिशवीतून स्वतःची बाटली काढली. मी जन्मभराची नर्स, माझ्या मनात आलं, बाईंना काहीतरी पथ्याचं दुखणं दिसतंय. कप उचलून सरला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"दुखणं कसलं?" त्या गेल्यावर रूथ म्हणाली. "त्या आमच्या विहीणबाई. गुणाबाई. सरलाची आई."

मग मला उलगडा झाला. लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा नेम आमच्याकडेही होता. माझे आजोबा आत्याकडे जाताना दशम्या बांधून न्यायचे. पण ख्रिश्चनांत?

"अगं, ख्रिश्चन झालो म्हणून झाडीपट्टीतले राहिलो नाही की काय?" रूथ म्हणाली. "लग्नाला नऊ वर्षं झाली. सरलाला मूल नाही. म्हणून विहीणबाईंचा नेम सुटत नाही. आणि खरी अडचण तर पुढेच आहे. उद्या हे सांगतील."

शुक्रवार

गुड फ्रायडेची उपासना भर दुपारची. मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये गेले, ते चपला कुठे काढायच्या या काळजीत. तर दारात चपलांचा हा ढीग! आत खाली सतरंज्या, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. म्हटलं, हे तर आपल्याच भजनासारखं आहे. फक्त पुढे वेदी, तिच्यावर एक काळं कापड आणि लाकडी क्रूस. एरवी मेणबत्त्या, फुलं असतात म्हणे, आज काहीच नाही.

सुरुवातीलाच सगळे गुडघ्यावर आले आणि एका सुरात म्हणाले की आम्ही पापी आहोत, विचारानं, शब्दानं, कृतीनं. माझं डोकंच फिरलं. जन्मभर लोकांची मलमपट्टी केली, रात्रपाळ्या काढल्या, आणि मी पापी? बघते तर दिवाकररावही आमच्याकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून गुडघ्यावर. पाळक असून तेही आमच्याच रांगेत! मग उठून वळले आणि मोठ्यानं सांगितलं की क्षमा झाली आहे, उठा. कुणी नारळ फोडला नाही, प्रदक्षिणा घातल्या नाहीत. मला ते फारच स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं, आणि घरी आल्यावर आंबील पिता पिता मी तसं बोलूनही दाखवलं.

दिवाकरराव खूश झाले. "बाई, तुम्ही नेमक्या गाठीवर बोट ठेवलंत. आमचं नाव ज्याच्यावरून पडलं तो पाचशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन संन्यासी. उपास, जागरणं, सगळं करून थकला. देव आपल्यावर राजी आहे की नाही, काही कळेना. मग शास्त्र वाचता वाचता त्याला उमगलं, देवाची दया कमवायची नसतेच. ती घ्यायची असते. विश्वासानं हात पुढे करायचा, बस. लुथरन म्हणून जे काही आहे ते एवढंच. बाकीचा सगळा मीठमसाला."

"म्हणजे फुकट?"

"फुकट."

"मग माणसानं चांगलं वागायचं कशाला?"

"तुम्हाला बेदाणे आणायला कुणी सांगितलं होतं?" ते म्हणाले. तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा म्हणूनच देतात, रूथनं भर घातली. ज्याला मान धरता येत नाही त्यानं काय कमावलेलं असणार? आणि देवाचं बोलणं लोकांच्या बोलीत हवं, हाही त्या संन्याशाचाच हट्ट. म्हणून दिवाकरराव प्रवचन झाडीबोलीत करतात.

"आणि ती अडचण?" मी विचारलं.

अडचण भाकरीची होती. रविवारी प्रभुभोजन असतं. प्रत्येकाला भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट मिळतो. त्यात ख्रिस्त स्वतःलाच देतो, असा यांचा विश्वास. इथली भाकर बिनखमिराची, म्हणजे न आंबवलेली, आणि ती पाळकांच्या घरी सरला भाजते. प्याल्याची अडचण नव्हती, त्यातला रस बाहेरून आणलेल्या बेदाण्यांचा. पण भाकर लेकीच्या चुलीवरची, वाढणारा हात व्याह्याचा! म्हणून गुणाबाई सरलाच्या लग्नापासून या चर्चमध्ये भोजनाला पुढे आलेल्या नाहीत. याच चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झालेला, आणि ईस्टरला एसटीनं बल्लारपूरला जाऊन परक्या पाळकाच्या हातून घेऊन येतात. यंदा गुडघ्यांनी जवाब दिला, जाणं शक्य नाही.

"मी त्यांना म्हटलं, विहीणबाई, ते भोजन माझ्या घरचं नाही, प्रभूचं आहे," दिवाकरराव कपाळावर हात मारून म्हणाले. "तर काय म्हणाल्या? 'भाऊ, भाकर भाकरच राह्यते असं तुमीच शिकवलं ना? प्रभू तिच्यात येते, पन भाकर काही पालटत नाई. मंग ती माह्या लेकीच्याच घरची झाली ना!' आता सांगा. कॅथलिकांच्या शिकवणीत भाकरीचं भाकरपण उरत नाही. आम्ही म्हणतो, उरतं, आणि प्रभूही खराच. माझीच शिकवण माझ्याच गळ्यात घातली हो विहीणबाईंनी!"

आम्ही पोट धरून हसलो. सरला हसली नाही. ती उठून ताटं गोळा करायला लागली.

शनिवार

पहाटे गुणाबाई काठी टेकत मला त्यांच्या घरामागच्याच मोहाखाली फुलं वेचायला घेऊन गेल्या. झाडाखाली फुलांचा सडा. पिवळसर, रसाळ, बोटांना चिकटणारी. मी वाकून वेचायची, त्या मला चिडवायच्या: "हळू, बाई. अस्वलाचा वाटा ठेवा. नाई त मागून येईन इचाराले, कोन आली ही सांगलीची?" मी मागे वळून वळून बघत होते आणि त्या खुदुखुदु हसत होत्या.

मग त्यांच्या घरी जेवण. तांदळाची भाकर, लाखोळीच्या डाळीचं वरण, सुक्या झिंग्यांची लालभडक चटणी. मी तिसरी भाकर घेतली, चौथीला नको म्हटलं तर त्या रागावल्या. मी घरून आणलेल्या बेदाण्यांचा वाटीभर वाटा त्यांच्यापुढे ठेवला. झालं! बाई तडक उठल्या, आत गेल्या, आणि त्याच वाटीत जवसाची चटणी शिगोशीग भरून आणली.

"अहो, मी आत्ता तुमच्याकडे पोटभर जेवले. फिटंफाट झाली की."

"रिकामं भांडं पाठवत नाई आमी."

"गुणाबाई, तुम्हाला कुणाचं घेऊन गप्प बसताच येत नाही का हो?"

"नाई येत," त्या अभिमानानं म्हणाल्या.

"मग देवाला काय परत देता?"

मी आपलं सहज बोलले. त्या मात्र पदरानं चूल पुसायला लागल्या, जी आधीच लख्ख होती. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्याले एकच देल्लं आहे मी. शब्द. सरलाच्या लग्नात म्हनलं, देवा, तिचं लेकरू मांडीवर घेईन तवाच तिच्या घरचं खाईन. आता मी खाल्लं त काय होईन, बाई? मी आशा सोडली असं होईन. मीच कबूल केलं का माह्या लेकीले लेकरू होनार नाई. माय कधी आशा सोडते का?"

इतका वेळ मी त्यांना हट्टी समजत होते. "हे सरलाला ठाऊक आहे?"

"सांगाची काय गोष्ट आहे? समजते न तिले."

मग स्वतःच तोडगा काढला: "प्याला घेईन मी. बेदाने तुमच्या सांगलीचे ना? मंग चालते. भाकर तेवढी नाई."

मोठी कामगिरी करून आल्यासारखी मी परतले. रूथ पातेल्यात बेदाणे भिजत घालत होती. रानात द्राक्षं कुठून आणणार, या चर्चमध्ये प्याला बेदाण्यांच्याच रसाचा असतो. मी तोडगा सांगितला. दिवाकररावांनी दोन्ही हात वर केले. "अहो, पाचशे वर्षांपूर्वी लोकांना नुसती भाकर मिळायची, प्याला धर्मगुरूंकडेच राहायचा. आमच्या लोकांनी भांडून दोन्ही सगळ्यांना मिळवून दिलं. आणि आता विहीणबाई प्याला घेऊन भाकर परत करतात! नाही, बाई. अर्धं भोजन नाही वाढायचा मी."

संध्याकाळी सरला चुलीपुढे उद्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. मी शेजारी बसले. ती पिठाकडे बघत म्हणाली, "मावशी, दर वेळी ही भाकर भाजतो मी आणि आई उठत नाई. मले वाटते, लेकरू नाई म्हनून ती मले शिक्षा देऊन राह्यली. तिनं कप सरकवला का मले आठवते, माह्या पोटी काही नाई."

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या ह्यांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच जाहीर केलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. शब्द, आशा, चूल पुसणं, सगळं. सरलाचे हात पिठातच थांबले. "आशा?" ती म्हणाली. "आई आशा धरून बसली होती?" आणि पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली.

"मंदे, तू नर्स कशी झालीस गं?" रूथनं मला बाहेर ओढून झापलं. "पेशंटची एक गोष्ट पोटात राहिली नसेल तुझ्या!" बोललेलं काही परत घेता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसंही वाटत नव्हतं.

ईस्टर

पहाटे सगळा गाव कब्रस्तानात. प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती, वर सागाची झाडं, कुठेतरी मोर ओरडतोय. दिवाकरराव ओरडले, "ख्रिस्त उठला आहे!" आणि सगळ्यांनी उलट आरोळी दिली, "खरंच उठला आहे!" आमच्याकडे स्मशानात पहाटे जायचं म्हटलं तर बायका घाबरून मरतील. इथं बायका नव्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या होत्या. मीही ओरडले. न ओरडता राहणं शक्यच नव्हतं.

चर्चमध्ये काळं कापड जाऊन पांढरंशुभ्र आलं होतं. ढोलकी, झांजा, पेटी, आणि गाणं तर असं की कौलं उडतील. एकटा गाणारा पुढे आणि बाकीचे ऐकतायत, असा प्रकारच नाही. म्हातारेकोतारे, पोरंसोरं, सगळे पूर्ण आवाजात. यांची उपासना म्हणजे बसून बघायची गोष्ट नव्हे, हे मला तेव्हा कळलं. परवा मला खटकलेली ती पापाची कबुली आज मी ओठातल्या ओठात म्हटली. रात्रपाळीत मी कितीजणांवर खेकसले होते ते आठवलं आणि क्षमा झाली म्हटल्यावर बरंच वाटलं.

मग भोजन. माझा बाप्तिस्मा नाही, त्यामुळे मी जागेवर. हे रूथनं आधीच प्रेमानं सांगितलं होतं. लोक वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकत होते. दिवाकरराव प्रत्येकाला भाकर देताना नाव घेत आणि म्हणत, "हे तुझ्यासाठी." तिथं अहो-जाहो नाही. सरपंचालाही एकेरी, बायकोलाही एकेरी. "रूथ, हे तुझ्यासाठी." ते 'तुझ्यासाठी' ऐकायलाच माणसं पुढे जात असावीत असं मला वाटलं.

गुणाबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर हात घट्ट धरून. बायकांची रांग सरत आली. शेवटी सरला. ती कठड्यापर्यंत गेली, आणि गुडघे न टेकता मागे वळली. गाणं चालू होतं, पण एकेक आवाज गळायला लागला. ती बायकांमधून वाट काढत थेट आईपुढे जाऊन उभी राहिली.

"चाल, आई."

"नाई वं. तुले ठाऊक आहे ना."

"आहे ठाऊक. मावशीनं सांगितलं." गुणाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी सतरंजीखाली शिरले असते. "आई, आशा सोडू नको. मी बी नाई सोडली. पन लेकरू होईन तवाच मी तुही लेक होनार का? आता नाई का?"

पेटीवाल्याचेही हात थांबले. गुणाबाई लेकीकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, मंदे, झालं, तू या घराचं वाटोळं केलंस. आणि गुणाबाईंनी हात वर केला. "उठव मले," त्या म्हणाल्या. "गुडघे धरले."

मायलेकी कठड्याशी शेजारी शेजारी टेकल्या. दिवाकरराव भाकर घेऊन पुढे आले आणि अडले. व्याह्यानं विहिणीला नावानं, तेही एकेरी हाक मारायची म्हणजे काय चेष्टा आहे? "विही..." म्हणून ते थांबले. घाम पुसला. मग साऱ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाले, "गुणा, हे तुझ्यासाठी."

बायकांनी तोंडाला पदर लावले. गुणाबाईंनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, भाकर घेतली आणि खाल्ली. प्यालाही घेतला. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. रडले ते दिवाकरराव, आणि मी, आणि मागे बसलेली रूथ तर चक्क हुंदके देऊन.

उपासना संपली, लोक अंगणात गळ्यात गळे घालत होते. गुणाबाई काठी टेकत पाळकांच्या घरात शिरल्या, पडवी ओलांडली, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला, आणि चुलीजवळ खाली बसल्या.

"वाढ," त्या म्हणाल्या.

सरलानं घाईघाईनं ताट वाढलं. वडाभात, कोंबडीचा रस्सा, शेवयांची खीर. आम्ही सगळे दारात दाटी करून उभे. गुणाबाईंनी भात कालवला, पहिला घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी आहे वं," त्या म्हणाल्या.

सरला हसायला लागली. डोळ्यांतून धारा, आणि हसणं थांबेना. लग्न झाल्यापासून आईनं पहिल्यांदा तिच्या रांधण्याला नाव ठेवलं होतं.

"मंग रोज येऊन चाखत जा ना, आई."

"येईन ना," गुणाबाईंनी ताट पुढे सरकवलं. "भात आन अजून."